घरी शिकवायचं ठरतंय, पण कोणत्या पद्धतीनं?

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, सांगलीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत. वाचनाची आवड आहे, बॅटरी-मोटर-वायरी घेऊन तासन्‌तास बसतो. शाळा आणि गृहपाठाला मात्र पार कंटाळलाय. मी बी.एस्सी. आहे, दुपारी 4 ते 7 शिकवण्या घेते. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत, पाळीची नोकरी. घरात सासूबाई असतात. येत्या जूनपासून त्याला घरीच शिकवावं असं वाटतं. पाठ्यपुस्तकं घेऊन घरातच शाळा, शार्लट मेसन पद्धत, प्रकल्प की अनस्कूलिंग? पुढे इंजिनिअरिंगला अडेल का? धाकटी आता पहिलीत जाईल, तिचं काय करावं?

उत्तर : येता जून सोडा, त्याच्या पुढचा धरा. त्याची पाचवी शाळेतच होऊ द्या. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचं, म्हणजे 17 नंबरचा फॉर्म भरायचा, तर मूल किमान पाचवी पास लागतं, वय 14 पूर्ण लागतं आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. चौथीतूनच काढलंत तर ही वाट अडते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) रस्ता तरीही उरतो, पण एका वर्षासाठी दोनातला एक दरवाजा का बंद करायचा?

कायद्याबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम 10 प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, मात्र ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी दारात आलं तर मूल काय शिकतंय ते वह्या दाखवून शांतपणे सांगा. दरवर्षीची एक फाइल ठेवा.

आता पद्धती. तुमच्या घरात सकाळी 9 ते 1 कोण मोकळं असतं, याच प्रश्नावर निम्मी निवड होते. तुम्ही आणि सासूबाई दोघी असता, हे मोठं भांडवल आहे.

घरातच शाळा, तासिका आणि घंटेसकट, हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात लवकर मोडणारा प्रकार. वर्गात चाळीस मुलांना जे सहा तासांत होतं, ते एकट्या मुलाबरोबर अडीच-तीन तासांत उरकतं. उरलेला वेळ भरायला आई जादा लेखन देते आणि मुलाला सुटका वाटलेली शाळा पुन्हा घरात येते. तुम्ही संध्याकाळी शिकवण्याही घेता. दिवसभर बाईच राहिलात तर त्याची आई कधी होणार?

शार्लट मेसन ही इंग्लंडमधली शिक्षणतज्ज्ञ (1842–1923). तिचा गाभा असा : पाठ छोटा, या वयाला 20 ते 25 मिनिटांचा; पाठ्यपुस्तकाऐवजी चांगलं लिहिलेलं खरं पुस्तक; एकदाच वाचायचं आणि लगेच स्वतःच्या शब्दांत सांगायचं; शिवाय निसर्गाची चित्रवही. वाचणाऱ्या मुलाला हे जमतं. मराठी वाचन सासूबाईंकडे सोपवा. त्याने वाचावं, आजीला सांगावं, आजीने मध्ये दुरुस्त्या करू नयेत. चूक होते ती इथे : तोंडी सांगणं चालू राहतं, लेखी कधी सुरूच होत नाही. सहावीच्या वयापासून आठवड्यातून दोनदा तेच एक पान लिहून घ्या.

प्रकल्प हा तुमच्या मुलाचा प्रांत. मोटर-बॅटरी आहेच, पण सांगलीत राहून कृष्णा कशाला सोडता? जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची रोजची पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग (सोडलेलं पाणी) वहीत टिपायचा आणि दोन्हींचे आलेख काढायचे. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट या रेषाही आखायच्या. पाणी सोडल्यावर पातळी किती तासांनी चढते ते त्यानेच शोधावं. क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी), दशांश, सरासरी, भूगोल, सगळं आलं. प्रत्येक प्रकल्पाला एक पान सक्तीचं : काय केलं, काय मोजलं, आकृती, कुठे फसलं. हे पान नसेल तर वर्षअखेरीला हाती फक्त वायरी उरतात.

प्रकल्पातून गणित मात्र क्रमाने येत नाही. अपूर्णांक कच्चे राहिले की गुणोत्तर अडतं आणि सातवीला बैजिक राशी येतात तेव्हा सगळंच डोक्यावरून जातं. म्हणून गणित पुस्तकानेच, रोज 40 मिनिटं, धडा न गाळता. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, इंग्रजी माध्यमाचीही.

अनस्कूलिंग म्हणजे अभ्यासक्रमच नाही, मुलाची ओढ नेईल तिकडे जायचं. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने 1970च्या दशकात हा विचार मांडला. विचार खोटा नाही, पण ज्या पत्रात दहा वर्षांच्या मुलाच्या इंजिनिअरिंगची काळजी आहे, त्या घरात तो सहा महिन्यांवर टिकत नाही. पालक धीर सोडतात, एकदम क्लास लावतात आणि मूल दोन्हीकडून तुटतं. तुम्हाला मी हा सुचवणार नाही.

म्हणजे गणित पुस्तकातून, भाषा मेसनच्या रीतीने आणि विज्ञान-भूगोल प्रकल्पातून. सकाळी अडीच तास बैठक, आठवड्यातल्या दोन दुपारी प्रकल्प, आणि रोज संध्याकाळी मैदान किंवा तालीम, कारण वर्गमित्र जाणार आहेत. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत हाच क्रम सहा आठवडे चालवून पाहा. त्यातच रोज भांडणं झाली तर दोष पद्धतीचा नाही, तुम्हा दोघांनी एकमेकांना शिकवण्या-शिकण्याचा आहे. तसं असेल तर शाळा बदलण्याचा विचार आधी करा.

इंजिनिअरिंगला अडत नाही. एनआयओएसच्या दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय, उत्तीर्णतेला 33 टक्के, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय सुटे सुटेही देता येतात. गणित आणि विज्ञान दोन्ही घ्या. सोपे विषय घेऊन टक्के वाढवण्याचा मोह पुढे महागात पडतो. स्वाध्याय (टीएमए) वेळेत न भरल्याने मुलं हातचे गुण घालवतात. अकरावी-बारावी सरळ कॉलेजात करा. जेईईला आणि सीईटीला मुक्त विद्यालयाची दहावी चालते. राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, म्हणून परीक्षा केंद्र राज्यातलंच निवडा. दहावीच्या आधीच्या दोन वर्षांत तीन तास सलग हाताने उत्तरपत्रिका लिहिण्याचा सराव हवा. घरी शिकलेली हुशार मुलं हमखास अडखळतात ती इथेच.

आता दाखल्याचं. पाचवीनंतर शाळा सोडताना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाखल्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ ही प्रत्येक नोंद जन्मदाखल्याशी, आणि जातीची नोंद वडिलांच्या दाखल्याशी ताडून मगच सही करा; दाखला हातात पडल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. पुढे अधिवास, जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणीला हाच कागद मागतात. शिष्यवृत्तीच्या शालेय परीक्षा मात्र गेल्या, हे मुलाला आधीच सांगा.

धाकटीला पहिलीत घाला. पहिली-दुसरीत ती शाळेत राहिली तर तुमची सकाळ मोठ्यासाठी मोकळी राहते, आणि शाळेच्या नोंदवहीत तिचं नाव लागतं.

परतीची वाटही माहीत असू द्या. 14 वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. नववीत तो आधार नसतो आणि शाळा दहावीच्या निकालाच्या धास्तीने नवं मूल घेत नाहीत. त्यामुळे परत पाठवायचं असेल तर ते सातवीच्या वर्षअखेरीला ठरवा, म्हणजे आठवीच्या जूनला तो वर्गात बसेल.