काळा धूर, कमी ओढ: आधी हवेची गळती शोधा

टर्बोवाल्या डिझेल गाडीत लोड आल्यावर काळा धूर, ओढ कमी आणि बॉनेटखालून फुसफुस असेल, तर टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बदलण्याची घाई करू नका. जुन्या गाडीत बहुधा टर्बो ते इंटरकूलर (ही हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) यांमधला रबरी होज किंवा क्लॅम्पच दगा देतो. होजची खालची बाजू आरशात बघा. चीर तिथेच लपते. तेलकट डाग दिसला तर संशय पक्का करा.

खात्री प्रेशर टेस्टनेच होते. इंजिन बंद आणि थंड हवं. टर्बोच्या तोंडाचा एअर फिल्टरकडचा पाइप काढून तिथे हवा भरायचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच घट्ट आवळा. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) त्या पाइपला जोडलेला असेल तर तो मोकळा सोडा. कंप्रेसरची हवा रेग्युलेटरने ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पासून सुरुवात करून सावकाश १५ पर्यंत जा, साबणाचं पाणी फवारा. इंटरकूलरच्या टाक्यांचे सांधे विसरू नका, तिथले बुडबुडे बारीक असतात. ऑइल फिलर किंवा सायलेन्सरमधून येणारी थोडी हवा मात्र गळती नव्हे. ती पिस्टनच्या रिंगांमधून, इंजिनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून जाते. बुचासमोर उभं राहू नका, दाब सोडल्याशिवाय ते काढू नका.

नवा होज चढवण्याआधी पाइपावरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) येताच तो निसटेल.