सेन्सरच्या साठलेल्या शेकडो नोंदी कमांड लाइनवरून किनेसिसला (सतत येणारा डेटा स्वीकारणारी ॲमेझॉनची सेवा) एकदम कशा पाठवायच्या?

एडब्ल्यूएस सीएलआय, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवा कमांड लाइनवरून चालवायचं साधन, त्याची 'पुट-रेकॉर्ड्स' कमांड वापरा. एका खेपेत 500 पर्यंत नोंदी जातात. नोंदी जेसन फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येकीला पार्टिशन की (नोंद प्रवाहाच्या कोणत्या भागात जाईल हे ठरवणारी खूण) म्हणून सेन्सरचा क्रमांक द्या. सीएलआयची दुसरी आवृत्ती डेटा आधीच बेस64मध्ये (कोणताही डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) आहे असं धरून चालते. तुमचा मजकूर साधा असेल, तर 'सीएलआय-बायनरी-फॉरमॅट' या पर्यायाला 'रॉ-इन-बेस64-आउट' द्याच. रोजच्या कामात बहुतेक जण इथेच अडकलेले बघतो. मात्र कमांड बिनतक्रार संपली म्हणजे सगळं पोचलं, असं नाही. उत्तरातला 'फेल्ड रेकॉर्ड काउंट' शून्यापेक्षा जास्त दिसला, तर ज्या नोंदींपुढे एरर कोड आहे तेवढ्याच पुन्हा पाठवा. उत्तरातला क्रम तुमच्या फाइलमधलाच असतो, त्यामुळे त्या लगेच सापडतात.