स्क्रीन काळी झाली, तरी लगेच फॉरमॅट मारू नका

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची अपडेट थांबली आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखच बदलला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. त्यात न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले लॅपटॉप घरोघरी आहेत. ते भंगारात जाऊ नयेत म्हणून लोक त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण अनेकांची पहिल्या काही मिनिटांतच स्क्रीन काळी होते, आणि 'आपल्या मशीनवर हे चालत नाही' म्हणून पेनड्राइव्ह काढून ठेवला जातो. म्हणून या वेळी सगळी पत्रे ग्राफिक्सचीच घेतली आहेत.

आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. जिथे स्पेलिंग चुकण्याची भीती आहे, तिथे एकेक अक्षर सुटे दिले आहे.

प्रश्न : ताई, सातव्या पिढीचा आय7 आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स 1050 कार्ड असलेला लॅपटॉप सेकंडहँड घेतला. उबुंटू 24.04 या लिनक्सचा पेनड्राइव्ह केला. मेनू येतो, 'ट्राय ऑर इन्स्टॉल' निवडले की लोगो दिसतो आणि मग स्क्रीन काळी. पंखा फिरत राहतो. फाइल पुन्हा डाउनलोड केली, पेनड्राइव्ह बदलला, तरी तेच. लॅपटॉप खराब लागला का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : लॅपटॉप खराब आहे असे मला वाटत नाही, आणि पेनड्राइव्हही चांगला आहे. मेनू आला, लोगो आला, म्हणजे फाइल वाचली जाते आहे. गाडी अडते ती त्यानंतर, आणि कुठे अडते ते कळले की उपाय सोपा आहे.

लोगो दिसतो तोपर्यंत स्क्रीनवरचे चित्र मदरबोर्डच्या फर्मवेअरने, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने, लावून दिलेले असते. साधे, एकाच रिझोल्यूशनचे, वेगाची अपेक्षा नसलेले. मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ग्राफिक्सचा ताबा स्वतःकडे घेतो आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लोड करतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. तुमच्या कार्डासाठी तिथे लोड होतो तो नुव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर. नुव्हो लिहिणाऱ्यांनी तो कंपनीच्या कागदपत्रांशिवाय, कार्ड कसे वागते ते बाहेरून तपासत तपासत उभा केला आहे, आणि त्या कामाबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. पण 2014 च्या जीटीएक्स 900 मालिकेपासून कार्डाचे फर्मवेअर कंपनीची सही असल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे तुमच्या 1050 च्या पिढीवर नुव्होला कार्डाचा वेग वाढवता येत नाही आणि काही लॅपटॉपवर तर सुरुवातीलाच अडखळायला होते. तुमची काळी स्क्रीन बहुधा तीच.

आधी एक तपासणी करा. स्क्रीन काळी असताना कॅप्स लॉक दाबा. प्रत्येक वेळी दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र नाही. दिवा हलतच नसेल तर कर्नलच अडकला आहे. दोन्ही वेळा पुढचा उपाय करून पाहायचाच, पण मला पुन्हा लिहाल तेव्हा हे नक्की कळवा. 'काळी झाली' एवढ्यावरून फारसे सांगता येत नाही.

उपाय असा. पेनड्राइव्हच्या त्याच मेनूत खाली 'सेफ ग्राफिक्स' असा पर्याय असतो, तो निवडला की कर्नलला 'नोमोडसेट' ही सूचना जाते : ग्राफिक्सचा ताबा घेऊ नकोस, फर्मवेअरने लावून दिले आहे त्यावरच चालव. बहुतेकांचे काम इथेच होते.

पण तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत : प्रोसेसरमधले इंटेलचे आणि वेगळे एनव्हिडियाचे. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार इंटेलच्या बाजूला जोडलेली असते. नोमोडसेट दिले की बिचाऱ्या इंटेलचा ड्रायव्हरही बंद होतो, आणि त्याची काहीच तक्रार नव्हती. म्हणून तुमच्यासाठी मी दुसरा मार्ग सुचवेन. मेनूतल्या पहिल्या पर्यायावर उभे राहून 'ई' ही कळ दाबा. चार-पाच ओळी दिसतील. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असते. त्यापुढे एक जागा सोडून लिहा : नुव्हो.मोडसेट=0. स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू, टिंब, एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, बरोबरचे चिन्ह, शून्य. मग एफ10 दाबा. फक्त नुव्हो बाजूला राहील, इंटेल स्वतःचे काम करेल आणि इन्स्टॉलर पूर्ण रिझोल्यूशनमध्ये दिसेल.

इन्स्टॉल करताना ग्राफिक्स आणि वाय-फायसाठी थर्ड पार्टी सॉफ्टवेअर घ्यायचे का, असे विचारतात. तिथे टिकमार्क करा. ते राहून गेले आणि पहिल्या बूटला स्क्रीन पुन्हा काळी झाली, तर चालू करताना एस्केप दाबून ग्रब हा सुरुवातीचा बूट मेनू आणा (जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा) आणि तीच सूचना पुन्हा द्या. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' द्या (सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ). तुमच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर चालतो ते ही आज्ञा स्वतः ओळखते. कुणी 'सगळ्यात नवा टाक' म्हणाले तर ऐकू नका. 1050 च्या पिढीसाठी 580 ही एनव्हिडियाची शेवटची मालिका आहे. त्यापुढचा आकडा टाकलात तर कार्ड ओळखलेच जाणार नाही.

मेनूत हाताने लिहिलेली सूचना त्या एका बूटपुरतीच असते. पण पुष्कळजण कुठेतरी वाचून नोमोडसेट 'इटीसी'मधल्या 'डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये कायमचे लिहून ठेवतात. मग वर्षभर ब्राइटनेसच्या कळा चालत नाहीत, प्रोजेक्टर जोडला की चित्र येत नाही, व्हिडिओ अडखळतो, आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. नोमोडसेट म्हणजे मोडलेल्या पायाचे प्लास्टर आहे, हाड जुळले की ते काढायचे. ड्रायव्हर बसला की ती फाइल उघडा, शब्द पुसा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' द्या.

प्रश्न : नवा पीसी असेंबल करून घेतला. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. दुकानात चालला, घरी आणल्यावर मॉनिटरवर 'नो सिग्नल'. इन्स्टॉल करायला मेनूसुद्धा दिसत नाही.
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : मॉनिटरची केबल कुठे लावली ते पाहा. कॅबिनेटच्या मागे यूएसबीच्या शेजारी जी एचडीएमआय आहे ती मदरबोर्डची. त्याच्या खाली, आडव्या पट्टीवर आहेत ती कार्डाची. केबल खाली लावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतेच, त्यामुळे वरच्या छिद्रातून कधीच काही दिसणार नाही. कार्डाला वीजपुरवठ्याची वेगळी पिन असेल तर ती प्रवासात सैल झाली नाही ना, तेही बघा.

प्रश्न : शाळेच्या डेस्कटॉपवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन आली, काही समजले नाही म्हणून 'कंटिन्यू बूट' केले. आता अक्षरे मोठी मोठी दिसतात, व्हिडिओ अडकत चालतो आणि सेटिंगमध्ये ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' असे लिहून येते. त्या पीसीवर विंडोजही आहे.
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, तुम्ही नेमका शब्द टिपून पाठवलात, त्यामुळे निदान लगेच झाले. एलएलव्हीएमपाइप म्हणजे ग्राफिक्स कार्ड रिकामे बसले आहे आणि सगळी चित्रे प्रोसेसर काढतो आहे. ड्रायव्हर मशीनवर आहे, पण त्याला आत घेतलेले नाही.

कारण सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सह्या तपासणारी मशीनची सोय. सही ओळखीची नसलेला ड्रायव्हर कर्नल अशा वेळी लोड करत नाही. तुमचा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार झाला आणि तिथेच बनवलेल्या किल्लीने त्यावर सही झाली. ती किल्ली ओळखीची आहे, हे तुम्ही मशीनसमोर बसून एकदा सांगायचे असते. त्यासाठी ती निळी स्क्रीन होती. ती घाबरवणारी दिसते खरी, आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर निघूनही जाते.

पुन्हा बोलावता येते. टर्मिनलमध्ये 'सुडो मोकयूटिल' (एम-ओ-के-यू-टी-आय-एल), जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून 'इम्पोर्ट', मग किल्लीच्या फाइलचा पत्ता : व्हीएआर, एलआयबी, शिम-साइन्ड, एमओके हे फोल्डर एकात एक, आणि शेवटी मोक.डीईआर ही फाइल. फाइलच्या नावातले मोक मात्र मोठ्या लिपीत, एम-ओ-के; फोल्डरचे लहान लिपीतच. पासवर्ड विचारेल. तो एकदाच वापरायचा आहे, साधा ठेवा. चिन्हे घालू नका, कारण निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीस्टार्ट करा, निळी स्क्रीन आली की लगेच कोणतीही कळ दाबा, मग 'एनरोल मोक' (मोक म्हणजे हीच किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट.

सिक्युअर बूट बंद करून टाका, असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्यानेही ड्रायव्हर चालेल. पण विंडोजच्या बाजूला बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चालू असेल तर असा बदल केल्यावर ते रिकव्हरी की मागू शकते, आणि शाळेत ती की कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. मुलांचे निकाल त्या पार्टिशनमध्ये असतील. म्हणून किल्ली नोंदवण्याचाच रस्ता धरा.

प्रश्न : इन्स्टॉल नीट झाले, लॉगिनचा आवाजही येतो, पण लॅपटॉपच्या स्क्रीनवर काहीच नाही. टीव्हीला जोडला तर दिसते.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. फिकट चित्र दिसले तर ग्राफिक्स ठीक आहे, फक्त मागचा प्रकाश लागलेला नाही. आधी ब्राइटनेसची कळ दाबून बघा, प्रकाश शून्यावर गेलेला असू शकतो. नाही झाले तर वर सांगितल्याप्रमाणे 'ई' दाबून त्या ओळीच्या शेवटी एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह लिहा, तेही चालले नाही तर नेटिव्हच्या जागी व्हेंडर. यातले जे लागू पडेल ते मात्र ग्रबच्या फाइलमध्ये कायमचे ठेवायचे. टॉर्चने काहीच दिसले नाही तर टीव्ही जोडलेला असताना डिस्प्ले सेटिंग उघडा आणि लॅपटॉपची स्क्रीन यादीत आहे का ते कळवा.

प्रश्न : गावच्या वाचनालयाला देणगीत एक छोटा नेटबुक मिळाला, ॲटम एन2600, 2 जीबी रॅम. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद त्यावर करायची आहे. उबुंटू टाकले तर खिडकी उघडायलाही वेळ लागतो. ड्रायव्हर कोणता टाकू?
— ग्रंथपाल, मंगळवेढा तालुका

उत्तर : टाकण्यासारखा ड्रायव्हर नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे, म्हणजे तुमचे रविवार शोधण्यात जाणार नाहीत. या ॲटममधले ग्राफिक्स इंटेलच्या नावाखाली असले तरी आतून पॉवरव्हीआर जातीचे आहे. लिनक्समध्ये त्याच्यासाठी चित्र दाखवण्यापुरता ड्रायव्हर आहे, थ्रीडीचा वेग देणारा नाही. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप मात्र प्रत्येक खिडकी थ्रीडीच्या आधारे रंगवतो, आणि तो भार त्या लहानशा प्रोसेसरवर पडतो.

डेबियन 12 हे दुसरे लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या यादीत एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई निवडा. एक्सएफसीई घेतलात तर आत गेल्यावर विंडो मॅनेजरच्या सेटिंगमधले कंपोझिटिंग बंद करा, सावल्या जातील आणि खिडक्या चटकन उघडतील. 64-बिटचा पेनड्राइव्ह बूट झाला नाही तर 32-बिट घ्या. हा प्रोसेसर 64-बिटचा आहे, पण काही नेटबुकांच्या बायॉसमध्ये ते बंद केलेले असते. 12 च सांगते आहे, कारण डेबियन 13 मध्ये 32-बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही. यूट्यूब त्यावर नीट चालणार नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये देवघेवीचा तक्ता मात्र चालेल. मराठी नावांसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि एक देवनागरी फॉन्ट टाकून घ्या. रोजच्या नोंदीची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवत जा, एवढ्या जुन्या मशीनमध्ये पहिला दगा देते ती हार्डडिस्क.