प्रकाशश्वसन मोजायचे, तर गणिताशी वैर नको

प्रिय विद्यार्थिनीस,

वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असताना तुम्हाला पिकांच्या पानांतील प्रकाशश्वसनावर, म्हणजे उजेडात पान प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडते त्या क्रियेवर, संशोधन करावेसे वाटते, याचा आनंद आहे. मात्र ‘पान यंत्रात धरले की आकडा मिळतो, मग बारावीनंतर सोडलेले गणित कशाला हवे?’ हा तुमचा प्रश्न आधी सोडवायला हवा.

पान यंत्रात धरल्यावर मिळतो तो आकडा प्रकाशश्वसनाचा नसतोच. इन्फ्रारेड वायुविश्लेषक (हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे हेच यंत्र) दाखवतो ती निव्वळ बाकी, म्हणजे पानाने शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून प्रकाशश्वसनाने आणि नेहमीच्या श्वसनाने सुटलेला वजा जाऊन जे उरते ते. गहू, भात, सोयाबीन अशा सी-3 पिकांत (ज्यांत प्रकाशसंश्लेषणाचे पहिले संयुग तीन कार्बनचे असते) रुबिस्को हे कार्बन पकडणारे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू पकडते तेव्हा प्रकाशश्वसन सुरू होते, म्हणून तेच पान 21 टक्के आणि 2 टक्के प्राणवायूच्या हवेत मोजून तुलना करतात. पण या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी म्हणजे प्रकाशश्वसन नव्हे, कारण प्राणवायूची स्पर्धा कमी झाल्यामुळे कार्बनचे ग्रहणही वाढलेले असते आणि ते वेगळे काढायला समीकरणेच लागतात.

बदलत्या उजेडात तर परीक्षाच असते. शेतात वाऱ्याने पाने हलली की खालच्या पानावरचे ऊन क्षणात येते आणि जाते. रुबिस्को पूर्ण कार्यक्षम व्हायला मात्र काही मिनिटे लागतात. उलट, उजेड एकाएकी बंद केल्यावरही प्रकाशश्वसनात तयार होऊन आधी साचलेल्या ग्लायसिन या अमिनो आम्लामुळे कार्बन डायऑक्साइडचा झोत काही काळ सुटत राहतो. तो टिपताना यंत्राच्या कक्षातील हवा बदलायला लागणारा वेळ हिशेबात धरला नाही, तर पानाऐवजी यंत्राचाच स्वभाव मोजला जातो. (ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.)

म्हणून निर्णयापूर्वी जवळच्या कृषी विद्यापीठातील वनस्पती शरीरक्रियाशास्त्र विभागाला विनंती करून एक दिवस मोजणी पाहा. एकेक पान स्थिरावायला बराच वेळ जातो आणि दिवसाअखेरी हाती मोजकीच पाने लागतात. हे कंटाळवाणे वाटले, तर पर्यावरणशास्त्राकडे किंवा वनस्पती वर्गीकरणाकडे वळण्यात कमीपणा नाही. आवडले, तर कलनशास्त्राची उजळणी आणि आर या संगणकीय भाषेचा सराव याच वर्षी सुरू करा.

प्रवेशाबाबत एक सावधगिरी घ्या. कृषी विद्यापीठाच्या एम.एस्सी.ला तुमची पदवी चालते का, हे माहितीपत्रकात तपासा. चालत नसेल, तर वनस्पतिशास्त्रात किंवा जीवविज्ञानात एम.एस्सी. करून सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळवणे आणि बारामतीच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणी संशोधनाच्या जागा पाहत राहणे, हा मार्ग तुम्हाला खुला आहे.