'गॅरेज रॉक'मधलं गॅरेज कुठलं?

प्रश्न: द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक बँडच्या संगीताला 'गॅरेज रॉक रिव्हायव्हल', म्हणजे साठच्या दशकातल्या साध्या, खडबडीत रॉकचं पुनरुज्जीवन म्हणतात. मराठीत 'कार्यशाळा-रॉक' चालेल का?

नाही चालणार. आपल्याकडे गॅरेज म्हणजे मिस्त्रीचं दुकान: ग्रीस, पाने, उघडं पडलेलं इंजिन. म्हणून जो तो लिहितो की या संगीतात 'गॅरेजमधली खडखड' ऐकू येते. अहो, अमेरिकेतलं ते गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली गाडी ठेवायची खोली. साठच्या दशकात तिथली शाळकरी पोरं त्यात तालमी करायची. नावही मागाहून चिकटलेलं. १९७२ साली अमेरिकन गिटारवादक-लेखक लेनी के यांनी त्या काळची गाणी एकत्र काढली, तेव्हा त्या गाण्यांना 'पंक रॉक' म्हटलं होतं.

खरी गंमत मुळात आहे. फ्रेंच 'गारे' म्हणजे सुरक्षित जागी लावणे. बरेच कोश इथेच हात टेकतात. त्यामागे जर्मानिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या जुन्या भाषेतलं) 'वार-' आहे, म्हणजे राखणे. जर्मानिक 'व'चा फ्रेंचात 'ग' होतो; वॉरंटी आणि गॅरंटी हा त्यामुळेच एकच शब्द, दोन दारांनी आलेला. आणखी मागे गेलं की 'झाकणे' अर्थाचा धातू लागतो, तोच संस्कृतातला 'वृ': आवरण, निवारण आणि आपला निवारा! काही पंडित 'राखणे' आणि 'झाकणे' यांचे धातू वेगळे मानतात. मानोत बापडे, पावसात गाडी झाकली की राखली, ते त्यांनीच सांगावं. मराठी नाव हवंच असेल तर 'निवारा-रॉक' म्हणा.

हां, व्हाइट स्ट्राइप्स. 'जुनाट यंत्रं म्हणजे गॅरेज रॉक' हेही अर्धवट. डेट्रॉइटच्या या जोडगोळीने 'एलिफंट' (२००३) हा अल्बम बहुतांशी लंडनच्या टो रॅग स्टुडिओत ८ ट्रॅकच्या, म्हणजे आठच वेगवेगळे आवाज शेजारी-शेजारी मावणाऱ्या टेपवर केला, संगणकाशिवाय. आठ ट्रॅक भरले की दोन-तीन मिसळून एकावर उतरवावे लागतात. मग त्यातला ड्रम जास्त झाला तरी वेगळा काढता येत नाही, आणि दर उतरवणीला टेपची सरसर वाढते. त्यामुळे वाद्यं मोजकीच बरी. पण त्याच अल्बममधल्या 'सेव्हन नेशन आर्मी' गाण्याची ती जाडजूड धून बेस गिटारवरची नाहीच. पोकळ गिटारला व्हॅमी पेडल (सूर वर-खाली सरकवणारं, पायाने चालवायचं यंत्र) लावून सूर एक सप्तक खाली आणलाय. ते पेडल डिजिटल, बाजारात पहिल्यांदा १९८९ च्या सुमारास आलेलं. सोवळेवाले हे सांगत नाहीत. वाजवून पाहणार असाल तर एकेक स्वरच घ्या. जुन्या व्हॅमीवर कॉर्ड (एकाच वेळी अनेक स्वर) दाबला की ते गोंधळतं.