नाताळसाठी घर खऱ्या फुलापानांनी सजवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नानंतरचा पहिला नाताळ, माहेरी कधी केलेला नाही, ठाण्यात वन बीएचके, २४ डिसेंबरला सासूबाई मुक्कामाला येणार. प्लास्टिकचं झाड आणि चमकीच्या माळा नकोत, खरी फुलंपानं हवीत, खर्च बेताचा. फुलं कधी आणायची आणि कुठली?

'कधी'चं उत्तर आधी देते. २३ च्या पहाटेपर्यंत फुलं आणूच नका. तोवर घरात फक्त हिरवं.

मी वसईची, कॅथलिक. आमची फुलांची वाडी होती, आजी पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन दादरला जायची. आता मी चर्चमध्ये वेदी सजवणाऱ्या बायकांत असते, आणि वरचा नियम तिथलाच आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, वाट बघायचे दिवस. त्या दिवसांत वेदीवर फुलं बेतानेच ठेवावीत, जन्माचा आनंद आधीच उधळू नये, असं मिस्साविधीच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, नियमांतच म्हटलंय. फादरांचा झगा तेव्हा जांभळा असतो. २४ च्या रात्री तो पांढरा किंवा सोनेरी होतो आणि वेदी फुलांनी भरते. आमच्या घरी आईही हेच करायची. त्यात भक्ती किती आणि काटकसर किती, ते मला अजून सांगता येत नाही. जी फुलं विकायची असतात ती घरात मांडून ठेवणं कुणाला परवडतं?

तुम्हाला याचा दुहेरी फायदा आहे. हिरवं स्वस्त असतं, बरंचसं फुकट मिळतं आणि तीन आठवडे टिकतं. फुलं एकदाच आणायची, म्हणजे २५ ला ती ताजी दिसतात. १५ तारखेला हौसेने गुलाब आणणारे लोक नाताळच्या सकाळी काळे पडलेले देठ उपसत बसतात.

हिरव्यात पहिलं करा दारावरचं कडं. बाजारात तारेचं किंवा थर्माकोलचं मिळतं, ते घेऊ नका. तुमच्या सोसायटीच्या कुंपणावर, नाहीतर आसपासच्या कडुनिंबावर गुळवेल नक्की असेल. बोटाएवढ्या जाडीची वेल दोन-तीन मीटर कापून आणा, तिचे तीन-चार वेढे एकमेकांत गुंफा, सुतळीने चार ठिकाणी बांधा, झालं कडं. त्यात मोरपंखीच्या डहाळ्या एकाच दिशेने खोचत जा. मोरपंखी जवळजवळ प्रत्येक नर्सरीत आणि निम्म्या सोसायट्यांच्या बागेत असते, माळीदादांना विचारलंत तर छाटणीतली देतील. ती सुकली तरी रंग बराच धरून ठेवते, फार गळत नाही. आंब्याची पानं मात्र तीन-चार दिवसांत चामड्यासारखी होतात. तुमच्या माहेरच्या सवयीने हात आधी तिकडेच जाईल म्हणून सांगितलं.

चित्रांतल्या कड्यावर होली नावाच्या झुडपाची लाल फळं असतात. ती युरोपातली, इथे आणायची कुठून? लाल रंगासाठी सुक्या मिरच्या लावा, किंवा डिसेंबरात बाजारात येणारी छोटी पिकलेली बोरं दोऱ्यात ओवा. नागपुरी संत्रीही तेव्हा भरपूर असतात. त्यांच्या पातळ चकत्या कडक उन्हात चार दिवस वाळवल्या तर काचेसारख्या होतात, वासही छान येतो. गुंजांचा मोह मात्र आवरा. दिसतात देखण्या, पण बी विषारी असतं, आणि येणाऱ्या पाहुण्यांत लहान मूल असलं तर ते पहिलं तेच तोंडात घालणार.

होलीवरून आठवलं. परदेशी सिनेमात दारावर मिसलटो टांगतात आणि त्याखाली चुंबन घेतात. मिसलटो म्हणजे त्यांच्याकडचं बांडगूळ! आमच्या आंब्यावर त्याचाच भाऊबंद वाढतो. आजोबा कोयता घेऊन त्याच्या मागे लागायचे, कारण ते फांदीचा रस पिऊन झाडाला वाळवतं. ते दाराला टांगलेलं पाहिलं असतं तर म्हाताऱ्याने आम्हाला घराबाहेर काढलं असतं.

झाडाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. आमच्या लहानपणी झाड म्हणजे सुरूची फांदी. वाडीच्या बांधावर सुरू असायचे, त्यातली एक कापून वाळू भरलेल्या बादलीत उभी करायची. सूचिपर्णी वृक्षांशी सुरूचं काही नातं नाही, त्याच्या त्या 'सुया' म्हणजे बारीक पेरांच्या काड्या असतात. पण लांबून पाइनच वाटतो. किनाऱ्यावरचे सुरू वाळू आणि वारा अडवायला लावलेले असतात, ते तोडू नका. ओळखीच्या कुणाच्या आवारातली छाटणी मिळाली तर ठीक. आणि एक महत्त्वाचं: सुकलेला सुरू कागदासारखा पेटतो. त्याच्याजवळ मेणबत्ती नको, एलईडीची माळच लावा.

मला विचाराल तर कुंडीतला आरौकेरिया घ्या. नर्सरीवाले त्याला सरळ 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. दोन-अडीच फुटांचा पुरतो. वर्षभर गॅलरीत ठेवायचा, दोन-तीन आठवडे आत आणायचा. फांद्या नाजूक असतात, जड गोळे टांगले की लोंबतात, म्हणून कागदाचे तारे आणि त्या संत्र्याच्या चकत्याच लावा. शेंडा कधीही छाटू नका, पुन्हा तसा डौल येत नाही.

लाल पानांचा पॉइन्सेटिया घ्यावासा वाटेल. घ्या, पण एकच. त्याची 'फुलं' म्हणजे खरं तर रंगलेली पानंच, फूल म्हणजे मधले पिवळे ठिपके. झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथे त्याला नाताळच्या आदल्या रात्रीचंच नाव आहे, नोचेबुएना. पॉइन्सेट नावाच्या अमेरिकी राजदूताने १८२० च्या दशकात ते स्वतःच्या देशात नेलं आणि जगभर त्याचंच नाव चिकटलं. नर्सरीतून आणलंत की कुंडीभोवतीचा चमकी कागद आधी काढा. त्यात पाणी साचून मुळं कुजतात, आणि माणसं समजतात झाड तहानलंय, म्हणून आणखी पाणी घालतात. माझं पहिलं असंच मेलं. दुसरं जगलं, पण तीन वर्षं हिरवंच राहिलं. त्याला रंग यायला आठ-दहा आठवडे रोज चौदाएक तास सलग अंधार लागतो, आणि माझ्या गॅलरीसमोर सोसायटीचा दिवा रात्रभर जळत होता. चौथ्या वर्षी १ ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहाला त्याच्यावर खोका पालथा घालायला लागले, सकाळी आठला काढायचा. डिसेंबरात लालभडक! पान तुटलं की चीक येतो, हाताला लागला तर धुऊन टाका.

आता गोठा. माझ्या मते घरातल्या सजावटीत जीव लावावा असं हेच एक काम. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी संत फ्रान्सिस असिसीकराने खरा बैल आणि गाढव आणून येशूच्या जन्माचा देखावा उभा केला, तिथून ही चाल पसरली. तुम्हाला बैल आणायचा नाही. एक पसरट ट्रे, मातीच्या छोट्या मूर्ती, नारळाच्या झावळीच्या हिरांचं छप्पर, आणि खाली खरं गवत. हे गवत आपण पेरतो. तुमच्या माहेरी नवरात्रात घट बसत असतील तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं येतं, फक्त घट बहुतेक घरी अंधारात पिवळे वाढतात, इथे उजेड द्यायचा. १२-१३ डिसेंबरला नाचणी रात्रभर भिजवा, सकाळी दोन बोटं मातीवर दाट पसरा, वरून चिमूटभर माती, दोन दिवस ओलं फडकं. मोड दिसले की फडकं काढून खिडकीत ठेवा. पाणी हाताने शिंपडा, ओतू नका, बुरशी येते. २४ पर्यंत मऊ, बारीक हिरवळ तयार होते. गव्हापेक्षा नाचणी बरी, कारण गहू दहा-बारा दिवसांत एवढा वाढतो की मेंढ्या त्यात बुडून जातात. एका वर्षी आमच्याकडे मेंढपाळाची फक्त काठी दिसत होती आणि २४ च्या दुपारी मी कात्रीने शेत कापत बसले होते.

गोठ्यात बाळ येशूची मूर्ती आधी ठेवू नका, ती जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असते. आमच्याकडे मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर घरातलं सगळ्यांत मोठं माणूस ती ठेवतं, काही घरांत सगळ्यांत लहान. तुम्ही सासूबाईंच्या हातात द्या.

मग फुलं. ठाण्यात जांभळी नाका जवळचा, पण जमलं तर दादर पश्चिमेला केशवसुत पुलाखाली पहाटेच जा. बुधवार टाळा. मार्गशीर्ष पुष्कळदा डिसेंबरातच पडतो आणि गुरुवारच्या महालक्ष्मीसाठी आदल्या दिवशी भाव चढतात. २३ ला नेमका बुधवार आला तर एक दिवस आधी आणून फुलं बादलीत ठेवा, काही बिघडत नाही. कुठली घ्यायची? लाल-हिरवा हा दुकानांचा नाताळ झाला. त्या रात्रीचा खरा रंग पांढरा. लांब देठाची पांढरी शेवंती दोन जुड्या, गुलछडीची एक, बास. शेवंती देठ कापून पाणी बदलत राहिलात तर नव्या वर्षापर्यंत जाते. गुलछडीचा वास वन बीएचके भरून टाकतो, तिच्या दोनपेक्षा जास्त जुड्या घेतल्यात तर डोकं दुखेल. रंग हवाच असेल तर दहा जर्बेरा, पण त्यांना बोटभरच पाणी द्या, जास्त पाण्यात देठ सडून मान टाकतात. मोगऱ्याचा हट्ट नको, त्याचा हंगाम उन्हाळ्यात. थंडीत कुंद फुलतो, मिळाला तर वाटीत पाण्यावर सोडा. ओरिएंटल लिली घेतलीत तर केसर आधी चिमटीने काढा, कपड्यावर पडलेला डाग निघत नाही. घरात मांजर असेल तर लिली अजिबात नको, तिला ती प्राणघातक असते.

आणल्याबरोबर पाण्यात बुडणारी पानं खुडा, देठ तिरके कापा आणि सगळी फुलं रात्रभर बादलीत अंधाऱ्या जागी ठेवा. नंतर फुलदाणीत लिटरभर पाण्याला चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस, ब्लीचचे दोन थेंब. आणि पिकलेल्या केळ्यांचा घड फुलांशेजारी नको, पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने फुलं लवकर कोमेजतात.

टेबलावरच्या रचनेसाठी फुलवाले हिरवी स्पंजची वीट देतात. ती प्लास्टिकच असते, नंतर चुरा होऊन गटारात जाते. त्याऐवजी केळीचं खोड वापरा. वीतभर लांबीचा तुकडा उभा चिरून अर्धा करा, सपाट बाजू खाली, वरून सळईने भोकं पाडून देठ खोचा. ओलावा आतच असतो, तीन-चार दिवस फुलं आरामात राहतात. खाली स्टीलची ताटली हवीच. मी पहिल्यांदा थेट टेबलक्लॉथवर ठेवलं होतं, तेही मावशीने विणलेल्या पांढऱ्या लेसच्या. केळीचा डाग. अजून आहे. दर नाताळला त्यावर केकचं ताट ठेवून मी तो झाकते, आणि मावशी दर नाताळला ते ताट उचलून बघते.

२४ च्या दुपारी जेवणं उरकली की फुलं मांडा, दोन तास पुरतात. सगळं एका कोपऱ्यात येऊ द्या: गोठा, झाड आणि टेबलावरची फुलं. छोट्या घरात प्रत्येक खिडकीला काहीतरी बांधलं तर नर्सरी वाटते. दारात कड्याशेजारी तारा लावालच, आत उंबऱ्याजवळ पाण्याच्या पितळी घंगाळात शेवंतीच्या पाकळ्या सोडा. हे आमच्याकडचं नाही, एका हिंदू मैत्रिणीकडे दिवाळीत पाहिलं आणि उचललं. तुमच्या सासूबाईंनी काही विचारलंच तर माझं नाव सांगा.

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, आम्ही सगळं उतरवतो. खोडाचे तुकडे करून कुंड्यांत घाला, गवताचा ट्रे खालच्या गाईपुढे किंवा कंपोस्टमध्ये. दारावरचं कडं मात्र टाकण्याआधी नीट बघा. गुळवेलीला अमृता म्हणतात ते उगीच नाही, तोडून अधांतरी टांगली तरी ती तग धरते आणि वाळलेल्या मोरपंखीतून एखादा हिरवा कोंब काढते. तसा दिसला तर वेढे सोडवा आणि एक टोक कुंडीत खोचा. माझ्या गॅलरीतली वेल अशाच एका कड्याची आहे, आणि पुढच्या वर्षीचं कडं तिच्यातूनच निघतं.