कार्ड भरले, पण पाहिले कोणी?

वाचकांचे प्रश्न : व्यवस्थापन

प्रश्न : माझे २४ साधे माग आहेत, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. सल्लागार सांगतात, नोंदी ठेवा, उत्पादन वाढेल. आमच्या धंद्यात असा फायदा झाल्याचा काही पुरावा आहे का, की नुसती वह्यांची भर पडायची?
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : पुरावा आहे, आणि तो कापडधंद्यातलाच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले निकोलस ब्लूम आणि जागतिक बँकेतले त्यांचे सहकारी यांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या १७ कापड कंपन्यांत प्रयोग केला. कारखान्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. सगळ्यांची महिनाभर पाहणी झाली. मग एका गटाला पुढचे चार महिने सल्लागार फुकट दिले, दुसऱ्याला पाहणीवरच थांबवले. एकूण ३८ पद्धती तपासल्या, आणि त्यांत मोठे शास्त्र काही नव्हते : माग का थांबला ते लिहिणे, दोषांची कारणनिहाय नोंद, सुताचा साठा लेबल लावून ठेवणे, रोजची छोटी बैठक. पहिल्या वर्षात सल्ला मिळालेल्या गटाची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

हे कारखाने तुमच्यापेक्षा बरेच मोठे होते, म्हणून ३८ च्या मागे लागू नका. आमच्या मते तीन गोष्टी पुरे.

आधी मागाची खरी कार्यक्षमता काढा. समजा माग मिनिटाला १५० पीक (आडवे धागे) टाकतो. बारा तासांत न थांबता १,०८,००० पीक व्हायला हवेत. कापडात इंचाला ५२ पीक असतील तर एका मीटरला साधारण २,०४७ पीक लागतात, म्हणजे पाळीला जवळजवळ ५३ मीटर कापड निघायला हवे. हातात ३७ मीटर येत असेल तर कार्यक्षमता ७० टक्के. २४ मागांवर दोन पाळ्यांत मिळून दिवसाला १७० तासांहून जास्त वेळ माग उभे आहेत, असा याचा अर्थ. हा आकडा एकदा समोर आला की वहीच्या खर्चाचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

मग प्रत्येक मागाला एक कार्ड अडकवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबला की वेळ आणि कारण लिहायचे. कारणे सहाच ठेवा : ताना (उभे सूत) तुटला, कांडी (आडव्या सुताची) नाही, बीम (उभ्या सुताचा रूळ) बदल, बिघाड, वीज, माणूस नाही. ‘इतर’ हा रकाना ठेवू नका. आठवड्यात सगळे त्यातच जाऊन पडते. कार्ड जॉबरने (माग दुरुस्त करणाऱ्या, देखरेख ठेवणाऱ्या कारागिराने) भरावे. विणकराला मीटरवर मजुरी मिळत असेल तर माग थांबवून लिहीत बसणे त्याला परवडत नाही. या कार्डावरून एकदा जरी कुणाची मजुरी कापलीत, तर पुढची सगळी कार्डे खोटी येतील.

तिसरी गोष्ट म्हणजे सकाळी पाळी बदलताना दहा मिनिटे कार्डांसमोर उभे राहणे. तुम्ही, जॉबर आणि कांडीवाला. कालचे सगळ्यात जास्त वेळ थांबलेले तीन माग घ्या, प्रत्येकावर आज कोण काय करणार ते ठरवा, आणि उद्या पहिला प्रश्न त्याचाच. ताना सारखा एकाच मागावर तुटत असेल तर मागाची दुरुस्ती बघा. एकाच लॉटच्या सगळ्या बीमवर तुटत असेल तर सायझिंगवाल्याशी (सुताला खळ लावणाऱ्याशी) बोला. हा फरक कार्डाशिवाय कळत नाही.

धोक्याची जागाही याच अभ्यासाने दाखवली. संशोधक २०१७ मध्ये परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. कारखान्याचा मॅनेजर बदलला आणि नव्याला कुणी सांगितले नाही, किंवा मालकाला वेळ उरला नाही, ही मोठी कारणे. तरीही सल्ला न मिळालेल्या गटापेक्षा हे कारखाने पुढेच होते. जॉबर सोडून जाणारच आहे असे धरून दुसऱ्या एकाला आजच तयार करा.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सुरक्षा-यादी सगळ्या रुग्णांच्या फाइलला लावलेली असते. पण खरे सांगायचे तर ती बहुतेक वेळा शस्त्रक्रिया झाल्यावर भरली जाते. मग तिचा उपयोग काय?
— परिचारिका, सातारा जिल्हा

उत्तर : अशी भरल्यावर जवळपास काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ही १९ मुद्द्यांची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सरकारने तिचे पालन किती होते हे जाहीर करणे रुग्णालयांना सक्तीचे केले. १०१ रुग्णालयांच्या आकडेवारीत मृत्यूदर ०.७१ वरून ०.६५ टक्के झाला. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. यादी तीच होती, आणि ती पाळली जाते असे रुग्णालये कळवतही होती. कागदावरचे पालन आणि टेबलाभोवतीचे पालन यांत किती अंतर असू शकते, याची शंका तिथूनच बळावली.

यादी वाचायला तीनदा थांबायचे असते : भूल देण्याआधी, पहिल्या छेदाआधी, आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी. प्रत्येक वेळी मिनिटभर पुरते. फाइलमधल्या कागदाऐवजी मोठ्या अक्षरांतला तक्ता भिंतीवर लावा आणि एकाच व्यक्तीने, शक्यतो फिरत्या परिचारिकेने, मोठ्याने वाचावा. उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे. दुसऱ्या थांब्याला सर्जनच्या हातात चाकू द्यायचा नाही, एवढा एक नियम प्रमुख डॉक्टरांकडून वदवून घ्या. त्यांच्या तोंडून आला नाही तर तो टिकत नाही. प्रतिजैविक छेदाच्या आधीच्या ६० मिनिटांत दिले का, याचे उत्तर ‘हो’ असे घेऊ नका, ‘नऊ वाजून दहा मिनिटांनी’ असे घ्या. नेमकी वेळ सांगताना बनवाबनवी कठीण जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या यादीचा प्रयोग झाला, दीड लाखांहून अधिक माता त्यात होत्या. प्रशिक्षक येत होते तोवर आवश्यक कृतींचे पालन ७३ टक्क्यांपर्यंत गेले, तुलनेच्या केंद्रांत ते ४२ होते. प्रशिक्षकांच्या फेऱ्या संपल्यावर ते ६२ वर घसरले. पालन सुधारूनही माता-बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. रक्त, औषधे, कौशल्य, वेळेवर पुढे पाठवण्याची सोय यांची उणीव यादी भरून काढू शकत नाही.

प्रश्न : वडिलांची रक्तदाबाची गोळी सारखी चुकते. २१ दिवस केले की सवय लागते म्हणतात, पण आमचे तीन २१ झाले!
— वाचक, नाशिक

उत्तर : २१ दिवसांना आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना ८४ दिवस एकेक नवी कृती करायला लावली. निष्कर्ष २०१० चे. कृती आपसूक होऊ लागायला मध्यक कालावधी (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस, पण माणसागणिक १८ ते २५४. यातले २५४ हा आलेखाची रेघ पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, आणि ६६ हा आकडाही ज्यांचा आलेख अपेक्षित वळणाशी नीट जुळला त्या ३९ जणांचा, हे सहसा कुणी सांगत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे.

‘रोज सकाळी’ असे ठरवू नका. ‘दात घासून झाले की चहा ओतायच्या आधी’ असे ठरवा. खूण रविवारीही घडणारी हवी. फिरायला जाण्याशी जोडलेली गोळी पावसाळ्यात बुडते. सात खणांची डबी चहाच्या कपाशेजारी ठेवा आणि रविवारी भरा. खण रिकामा दिसला की घेतली की नाही हा वाद मिटतो. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका. काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून डबीवर लिहून ठेवा.

प्रश्न : टीमला आठवड्यातून दोन दिवस घरून काम द्यावे का? वरिष्ठ नाही म्हणतात.
— टीम लीड, पुणे

उत्तर : द्यावे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. एका गटाला बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करता येत होते. त्यांत नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, कामाच्या मूल्यमापनात व बढतीत फरक पडला नाही. तुमच्या वरिष्ठांसाठी त्यातला हा भाग : प्रयोगाआधी मॅनेजरांना उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल असे वाटत होते, नंतर १ टक्क्याने वाढली असे तेच म्हणू लागले. घरचे दिवस सगळ्या टीमला एकच ठेवा, नाहीतर कार्यालयातही माणसे एकमेकांशी व्हिडिओवरच बोलत बसतील. आणि हे निष्कर्ष दोन दिवसांचे आहेत. पूर्ण वेळ घरून काम मागायला ते वापरू नका.